तीन राजधान्या आणि एक पारपत्र

आयुष्याची पहिली चाळीस वर्षे मी ब्राह्मणपारा, तात्यापारा, बुढापारा आणि फार तर चौबे कॉलनी एवढ्याच परिघात काढली. माझे शिक्षण, विवाह, संसार आणि नोकरी ही सारी रायपूर शहराच्या हद्दीतच पार पडली. आणि तरीही मी कोण, कोठली आणि काय शिकलेली, हे सिद्ध करण्याची वेळ जेव्हा २००५ साली माझ्यावर आली, तेव्हा त्याचा पुरावा रायपुरात अखंडपणे कोठेच उपलब्ध नाही, असे मला हळूहळू कळून चुकले. ओमानमधील मस्कतच्या एका भारतीय शाळेने भौतिकशास्त्राच्या शिक्षिकेची जागा मला देऊ केली होती. एप्रिलच्या आरंभी, नव्या सत्राबरोबर, मी तेथे रुजू व्हावे असे ठरले होते. प्रत्यक्षात मी ऑगस्टमध्ये रुजू झाले, आणि मधल्या काळात ज्या कागदांच्या मागे मी आणि माझे वृद्ध वडील धावलो, त्यांच्याविषयी लिहावे असे फार दिवसांपासून मनात होते.

आमचे पूर्वज नागपूरकर भोसल्यांच्या अमलात हिशेबनिसी करीत छत्तीसगडात आले, असे घरात सांगत. बिंबाजी भोसल्यांनी रतनपुरास गादी मांडली ती अठराव्या शतकाच्या मध्यावर, आणि त्यांच्या मागोमाग जी मराठी कुटुंबे या मुलखात उतरली, त्यांतलेच आमचे एक असावे. तेव्हापासून घराणे जागचे हलले नाही. हलल्या त्या राजधान्या. आजोबांनी मध्यप्रांत व वऱ्हाड सरकारची चाकरी केली, तेव्हा रायपूरचा सर्व पत्रव्यवहार नागपूरशी चाले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली, विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि रायपूर भोपाळच्या अंमलाखाली आले. वडिलांनी ऐन पंचविशीत नोकरीसाठी जो अर्ज नागपुरास धाडला होता, त्याचे उत्तर त्यांना भोपाळहून आले, आणि ते येईपर्यंत त्या जागेची मुदत टळून गेली होती. पुढे १ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगड निराळे झाले आणि रायपूर स्वतःच राजधानी बनले. त्या रात्री जयस्तंभ चौकात लोटलेल्या गर्दीत मीही होते, आणि तो आनंद माझ्या मनात आजही जसाच्या तसा आहे. पण राज्ये विभागली जातात तेव्हा जमीन, नद्या, कर्ज आणि कर्मचारी यांच्या वाटणीचा विचार होतो. सामान्य माणसाच्या दाखल्यांचे काय होणार, याची तजवीज करण्यास कोणास उसंत नसते.

परदेशी नोकरीसाठी लागणाऱ्या प्रमाणपत्रांच्या साक्षांकनाचा त्या काळचा शिरस्ता असा होता की, प्रमाणपत्र ज्या राज्यातले, त्या राज्याच्या शिक्षणखात्याने त्याच्यावर प्रथम सही-शिक्का करावा. मग दिल्लीत टिळक मार्गावरील पतियाळा हाऊसमध्ये परराष्ट्र मंत्रालयाने त्या राज्याच्या सहीची खात्री करून घेऊन आपला शिक्का उमटवावा. आणि शेवटी ओमानच्या वकिलातीने परराष्ट्र मंत्रालयाची मोहोर ओळखून आपली मोहोर लावावी. या परंपरेतला प्रत्येक अधिकारी केवळ आपल्या आधीच्याची सही ओळखत असतो. मूळ पदवीशी, तिच्यामागच्या अभ्यासाशी आणि परीक्षेशी संबंध येतो तो फक्त पहिल्याचा. सारा भार त्या पहिल्या सहीवर असतो, आणि माझ्या बाबतीत ती पहिली सही कोणत्या राज्याने करावी, हाच प्रश्न होता. त्याच वर्षी १४ जुलैपासून १९६१ च्या हेग कराराचा अंमल भारतात सुरू झाला, आणि करारातील देशांसाठी एकच शिक्का पुरेसा होऊ लागला. परंतु ओमान त्या करारात आले ते २०१२ साली, त्यामुळे त्या सुधारणेचा लाभ मला होण्याचा संभव नव्हता.

उच्चतर माध्यमिक परीक्षा मी १९७९ साली दिली, ती भोपाळच्या माध्यमिक शिक्षा मंडळाची. त्यापुढच्या पदव्या रायपूरच्याच रविशंकर विद्यापीठाच्या. पण ते विद्यापीठ १९६४ साली स्थापन झाले तेव्हा ते मध्यप्रदेशातील विद्यापीठ होते, माझ्या पदवीपत्रांवर मध्यप्रदेशाचाच उल्लेख होता, आणि पुढे विद्यापीठाचे नाव पंडित रविशंकर शुक्ल विद्यापीठ असे पूर्ण झाल्यामुळे जुन्या कागदावरचे नाव आणि नव्या शिक्क्यावरचे नाव ही परक्या माणसास दोन निरनिराळ्या संस्थांची वाटत. ज्या शुक्लजींचे नाव विद्यापीठास मिळाले, ते स्वतः रायपूरचे वकील, नागपूर राजधानी असताना मुख्यमंत्री, आणि भोपाळ राजधानी झाल्यावरही पहिले मुख्यमंत्री. त्यांच्या एका आयुष्यातही दोन राजधान्या आल्याच होत्या. रायपूरच्या एका खिडकीवर मला जे सांगण्यात आले, ते वाक्य मी विसरलेले नाही : ‘मैडम, आप तो रायपुर की हैं, पर आपका काग़ज़ भोपाल का है।’ बोलणाऱ्याच्या स्वरात अरेरावी नव्हती. त्याने वस्तुस्थिती सांगितली होती, आणि तीच मला अधिक जड गेली.

म्हणून आम्ही भोपाळची वाट धरली. छत्तीसगड एक्सप्रेस रायपूरवरून नागपूर, भोपाळ आणि मग दिल्ली अशी जाते, म्हणजे आमच्या घराण्यातील तीन पिढ्यांचे कागद ज्या ज्या शहरी पडून होते, ती सर्व शहरे तिच्या एकाच मार्गावर येतात. वडील तेव्हा सत्तरीच्या पुढे होते आणि त्यांनी सोबत येण्याचा आग्रह धरला. त्यांच्याजवळ पत्र्याची एक पेटी होती. तीत आम्हा भावंडांच्या पहिलीपासूनच्या गुणपत्रिका, लसीकरणाचे कागद, शुल्काच्या पावत्या, सारे काही तारखेवार लावलेले असे. नक्कल काढल्यावाचून अस्सल कागद हातचा सोडायचा नाही आणि पोच घेतल्यावाचून खिडकी सोडायची नाही, हे त्यांचे दोन नियम होते. नागपूर स्थानकावर गाडी थांबली की ते खाली उतरून फलाटावर थोडे चालत, आणि परत येऊन बसल्यावर १९५६ पूर्वीच्या नागपूर सचिवालयाच्या आठवणी सांगत. तेथल्या शिरस्तेदारांची अक्षरे त्यांच्या डोळ्यांपुढे जशीच्या तशी होती.

राज्यांच्या सीमांनी जे केले, त्याहून अधिक गुंतागुंत माझ्या नावाने केली, आणि त्याविषयी मला जरा विस्ताराने लिहिले पाहिजे, कारण हा अनुभव एकटीचा नाही. १९८६ साली माझा विवाह झाला, तेव्हा आपल्याकडच्या रीतीप्रमाणे ताटात तांदूळ पसरून त्यांत सोन्याच्या अंगठीने माझे नवे नाव लिहिण्यात आले. स्वतःचे नाव गेले, मधले वडिलांचे नाव जाऊन पतीचे आले, आडनाव बदलले. त्या प्रसंगी मी आनंदात होते, वडीलधाऱ्यांच्या डोळ्यांत माया होती, आणि त्या मायेविषयी मला आजही आदर आहे. परंतु त्या क्षणापासून कागदोपत्री दोन स्त्रिया निर्माण झाल्या : एक, जिने विज्ञानाची पदवी, पदव्युत्तर पदवी आणि बी.एड. संपादन केले, आणि दुसरी, जिच्या नावे शिधापत्रिका, मतदारयादीतील नोंद आणि पारपत्र होते, पण जिने कोणतीही परीक्षा दिलेली नव्हती. पहिलीचे शिक्षण दुसरीस मिळवून देण्यासाठी पतीसह संयुक्त प्रतिज्ञापत्र, वृत्तपत्रांतील जाहीर सूचना आणि राजपत्रातील नोंद अशी मालिका करावी लागली. त्यात सासरच्या आडनावातील ‘ळ’ हिंदी दफ्तरांत सर्रास ‘ल’ होऊन बसलेला. ते नाव एका कागदावर एक आणि दुसऱ्यावर दुसरे, त्यामुळे आणखी एक प्रतिज्ञापत्र.

पारपत्रही तेव्हा भोपाळहूनच येत असे. ओमानसारख्या देशात नोकरीस जाणाऱ्याच्या पारपत्रावर, १९८३ च्या उत्प्रवास कायद्यान्वये, उत्प्रवास तपासणीची गरज नसल्याचा शिक्का असावा लागे. पदवीधरास तो मिळे, परंतु पदवीधर असल्याचा पुरावा पारपत्रावरील नावाशी जुळला पाहिजे. म्हणजे नावाचा प्रश्न सुटल्यावाचून शिक्का नाही, शिक्क्यावाचून व्हिसाची पुढची हालचाल नाही, आणि नियुक्तिपत्राची मुदत मात्र पुढे सरकतच होती.

पुढे मस्कतमध्ये निवासपत्राचा अर्ज भरताना तेथील एका वयस्क अधिकाऱ्याने माझे जुने आणि नवे नाव शेजारी शेजारी ठेवून मोठ्या सौजन्याने विचारले की, विवाह झाल्याने मुलीचे वडील कसे बदलतात? अरब रीतीप्रमाणे स्त्रीच्या नावापुढे तिच्या पित्याचे, मग आजोबांचे आणि मग कुळाचे नाव येते, आणि विवाहाने त्यात काहीही फरक होत नाही. ज्या समाजाहून स्त्रियांच्या बाबतीत आपण स्वतःस अधिक पुढारलेले समजतो, त्या समाजातील माणसाने विचारलेल्या या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हते, आणि त्यानंतर पुष्कळ वर्षे विचार करूनही ते मला सापडलेले नाही.

भोपाळचे काम मार्गी लागते आहे असे वाटत असतानाच एक निराळेच मळभ आले. छत्तीसगड शासनाने २००२ साली खासगी विद्यापीठांचा कायदा केला होता आणि त्याखाली, अल्पावधीत, शंभराहून अधिक विद्यापीठे अधिसूचनेने अस्तित्वात आली होती. त्यांतील कित्येकांना स्वतःची इमारत, अध्यापक वा ग्रंथालय यांपैकी काहीच नव्हते, आणि काही तर एखाद्या खोलीत चालत. विद्यापीठ अनुदान आयोगाचे माजी अध्यक्ष आणि ज्येष्ठ शास्त्रज्ञ प्राध्यापक यशपाल यांनी या प्रकाराविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली, आणि ११ फेब्रुवारी २००५ रोजी न्यायालयाने त्या कायद्यातील मूळ कलमे घटनाबाह्य ठरवून ती सर्व विद्यापीठे रद्द केली. निर्णय न्याय्य होता, आवश्यक होता. विज्ञानशिक्षणासाठी आयुष्य वेचलेल्या त्या थोर माणसाने या राज्यावर उपकारच केले, असे मी एक शिक्षिका म्हणून मानते. पण वार्ता परदेशी पोहोचते तेव्हा तिच्यातले तपशील गळून पडतात. छत्तीसगडातील विद्यापीठे रद्द झाली, एवढेच मस्कतला कळले, आणि माझ्या नियोक्त्यांच्या कचेरीतून विचारणा आली की, आपली पदवी अद्याप वैध आहे काय?

रविशंकर विद्यापीठ हे राज्य निर्माण होण्याच्या छत्तीस वर्षे आधीपासूनचे, विधिमंडळाच्या स्वतंत्र कायद्याने स्थापन झालेले विद्यापीठ आहे, त्याचा २००२ च्या कायद्याशी सुतराम संबंध नाही, हे मी लिहून कळवले. विद्यापीठानेही माझ्या पदव्या खऱ्या असल्याचे पत्र तत्परतेने दिले. तरीही संशय एकदा उत्पन्न झाला की तो निवारण्याचे ओझे निरपराध्याच्याच खांद्यावर पडते. त्या महिन्यांत मला सर्वांत अधिक वाईट वाटले ते माझ्यासाठी नव्हे. त्या रद्द झालेल्या विद्यापीठांत शुल्क भरून प्रवेश घेतलेली जी मुले होती, त्यांच्यातील दोघेजण पूर्वी माझ्या वर्गात बसलेले. ते घरी आले, आणि आपल्या हातातील कागदाचे आता काय करावे, असे त्यांनी मला विचारले. माझ्या कागदाला निदान कोणी तरी खरे म्हणणारे होते.

प्रतीक्षेच्या काळाचे एक विचित्र गणित असते. भारत सरकारच्या कचेऱ्या शनिवारी आणि रविवारी बंद. ओमानमध्ये त्या काळी साप्ताहिक सुट्टी गुरुवार-शुक्रवारी असे, ती शुक्रवार-शनिवार झाली २०१३ साली. म्हणजे दोन्हीकडची माणसे एकाच वेळी आपापल्या मेजापाशी असण्याचे वार तीनच : सोमवार, मंगळवार, बुधवार. बुधवारी दुपारी दिल्लीहून निघालेल्या प्रश्नाचे उत्तर पुढच्या सोमवारपूर्वी येणे शक्य नसे. रायपुरातील नोकरीचा राजीनामा मी फेब्रुवारीतच दिला होता. एप्रिल उजाडला, ऊन तापू लागले, माझ्या जुन्या शाळेत माझ्या जागी नवी बाई रुजू झाली, आणि मस्कतच्या शाळेत बारावीच्या मुलांचा भौतिकशास्त्राचा तास रिकामा जात असल्याचे तेथील मुख्याध्यापिकांनी दूरध्वनीवर सांगितले. गणिताचे शिक्षक तो तास सांभाळून घेत होते. मला त्या न पाहिलेल्या मुलांचा ध्यास लागला. विद्युत्स्थितिकीचा पाया कच्चा राहिला तर पुढे चुंबकत्व त्यांना कसे उमगणार, या विचाराने मी रात्री टिपणे लिहीत बसे आणि ती टपालाने तिकडे पाठवी. व्हिसाच्या फायलीवर विद्यार्थ्याचे नाव कोठेच नसते. तेथे असतो नियोक्ता, असतो अर्जदार, असतात मुदती आणि शुल्के. पण शिक्षकाच्या कागदास जो विलंब होतो, त्याचे खरे मोल वर्गात बसलेले मूल चुकवते, आणि ते त्या मुलास ठाऊकही नसते.

या सर्व काळात मला आधार वाटला तो एका कारकुनाचा. नव्या राज्याचे मंत्रालय तेव्हा दाऊ कल्याणसिंह यांच्या दानातून उभ्या राहिलेल्या जुन्या रुग्णालयाच्या इमारतीत थाटलेले होते. ज्या दालनांत पूर्वी रुग्णांच्या खाटा असत, तेथे कपाटे आणि फायली आल्या होत्या, आणि जुन्या रायपूरकरांच्या तोंडी त्या इमारतीचे नाव अजूनही रुग्णालय असेच होते. तेथे मला भेटलेले ते गृहस्थ भोपाळचे. कर्मचाऱ्यांच्या वाटणीत त्यांचे नाव छत्तीसगडकडे आले. पत्नी आणि मुले भोपाळलाच राहिली, सेवापुस्तिकेतील काही नोंदीही तिकडेच राहिल्या, आणि परत बदली व्हावी म्हणून त्यांनी केलेला अर्ज पाच वर्षे विचाराधीन होता. माझे कागद पाहता पाहता ते थांबले आणि म्हणाले, ‘बहनजी, हम दोनों का हाल एक ही है।’ मग त्यांनी भोपाळच्या आपल्या जुन्या सहकाऱ्यास दूरध्वनी लावला, कोणत्या अधिकाऱ्याच्या सहीचा नमुना दिल्लीत नोंदलेला आहे आणि कोणाच्या नाही, हे विचारून घेतले, आणि एका कोऱ्या कागदावर मला क्रमाने लिहून दिले. ती माहिती कोणत्याही सूचनाफलकावर नव्हती. वडिलांनी तो कागद पेटीत जपून ठेवला. नियमाबाहेरचे त्या कारकुनाने काहीही केले नाही. नियम ज्याच्यासाठी केलेले असतात त्या माणसाकडे त्यांनी मान वर करून पाहिले, एवढेच.

मस्कतविषयी मी थोडक्यात सांगते. १९७० साली सुलतान काबूस गादीवर आले तेव्हा त्या देशात अवघ्या तीन शाळा होत्या, आणि त्याच वर्षापर्यंत तेथील बाजारात भारतीय रिझर्व्ह बँकेने आखातासाठी काढलेला रुपया चालत असे. त्यामुळे परक्या देशातला शिक्षक ही तेथे नवलाची वस्तू नव्हती. लोक सौजन्यशील, मुले गुणी, पालक मेहनती. परंतु परदेशातील शिक्षकाच्या मनात वर्गाच्या पलीकडे एक तारीख सदैव जागी असते : निवासपत्र कधी संपते ती. फळ्यावर लिहिताना, उत्तरपत्रिका तपासताना, मुत्रहच्या बाजारातून भाजी आणताना ती तारीख मनाच्या कोपऱ्यात असते, आणि स्वदेशात राहणाऱ्यास ही जाणीव कधी होत नाही.

माझी तारीख २००७ च्या ऑगस्टात पडत होती, आणि ती सुट्टीत येत असल्यामुळे नूतनीकरण जूनच्या आरंभीच, रायपुरास निघण्यापूर्वी, करून घेणे भाग होते. पारपत्र त्यासाठी दिलेले होते. आणि ६ जून रोजी गोनू नावाचे चक्रीवादळ ओमानच्या किनाऱ्यावर आले. त्या कोरड्या देशाने असा पाऊस पाहिला नव्हता. डोंगरांतून उतरणारी, एरवी शुष्क असणारी ओढ्यांची पात्रे तुडुंब भरून वाहिली, रस्ते उखडले, मोटारी समुद्रात वाहून गेल्या, सुमारे पन्नास माणसे दगावली, आणि शहराच्या कित्येक भागांत अनेक दिवस वीज नव्हती, पिण्याचे पाणी नव्हते. कचेऱ्या बंद होत्या आणि त्या बंद असणेच योग्य होते. जे पुरात सापडले होते त्यांचा हक्क माझ्या पारपत्राहून मोठा होता. त्याच आठवड्यात भावाचा निरोप आला की, वडिलांना रुग्णालयात हलवले आहे. दोन दिवसांनी दुसरा निरोप आला.

पारपत्र हाती आले तेव्हा खारून नदीच्या महादेवघाटावरचे सर्व विधी आटोपले होते. मी पोहोचले ती तेराव्यानंतर. पेटी भावाने माझ्यासाठी वेगळी काढून ठेवली होती. तीत सर्वांत वर वडिलांनी स्वतःच्या हाताने केलेली माझ्या कागदांची यादी होती, आणि ‘निवासपत्र’ या शब्दापुढची जागा त्यांनी भरायची म्हणून मोकळी सोडलेली होती. कोणास दोष द्यावा असे त्यात काही नव्हते. दोष देण्याजोगे काही असते तर शोक कदाचित अधिक सोपा झाला असता.

आता मी रायपुरात निवृत्त आहे, आणि परदेशी शिकवायला जाऊ इच्छिणारी तरुण मुले-मुली अधूनमधून कागद घेऊन येतात. त्यांचा मार्ग माझ्याहून सुकर आहे. परीक्षामंडळ आता रायपूरचे आहे, पारपत्र येथेच मिळते, ई-सनद नावाच्या व्यवस्थेने काही दस्तऐवजांची पडताळणी घरबसल्या होते. तरीही ज्यांचे शिक्षण २००० पूर्वी झाले, त्यांचे कागद भोपाळचेच राहणार आहेत, आणि त्या पिढीसाठी दोन्ही राज्यांनी मिळून सह्यांचे नमुने, जुनी निकालपुस्तके आणि पडताळणीचे अधिकारी रायपुरातच उपलब्ध करून द्यावेत, ही मागणी मी जेथे जेथे संधी मिळेल तेथे मांडत आले आहे. राज्य वेगळे झाल्याला पाव शतक लोटले. आता तरी उसंत मिळावी.

गेल्या महिन्यात चौबे कॉलनीतील एक मुलगी तिच्या आईबरोबर आली होती. रसायनशास्त्राची शिक्षिका, मस्कतच्याच एका शाळेचे नियुक्तिपत्र हाती, आणि मार्गशीर्षात लग्न. मी तिला सर्वप्रथम एकच गोष्ट सांगितली : नाव बदलू नकोस, पारपत्रात तर मुळीच नको. आईने विचारले, सासरच्यांना तांदळाचा विधी हवा आहे, त्याचे काय करावे? मी म्हटले, विधी अवश्य करावा, आणि अंगठीने तेच नाव लिहावे जे तिच्या पदवीवर आहे. दोघींनी एकमेकींकडे पाहिले. परवा मुलीचा दूरध्वनी आला. होणाऱ्या सासूबाई आधी नाराज होत्या, मग त्यांनी स्वतःचे माहेरचे नाव तिला पहिल्यांदाच सांगितले, आणि होकार दिला. तिच्या बी.एड.च्या प्रमाणपत्रावर राज्याची सही झाली आहे. दिल्लीचा शिक्का अद्याप बाकी आहे.